सावधाननंतरच्या आठ मात्रा

बाई घरी खुर्चीत बसलेल्या मला आठवतच नाहीत. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, वर्तमानपत्र वाचायचं तेही ओसरीपासून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीपासून ओसरीपर्यंत चालत. आलेल्या माणसाला "बसा" म्हणायच्या आणि तो बसला की त्याच्याभोवती फेऱ्या घालायला लागायच्या. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांच्याकडं बघत बोलता बोलता माझी मान धरली. दुसऱ्या वेळेपासून मीही उभाच राहायला लागलो.

बोलावणं त्यांनीच पाठवलं होतं, तेही भांडणातून. मी तेव्हा परभणीला पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि दर गुरुवारी कॉलनीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला पेटी वाजवायचो. एका गुरुवारी आरती झाली, लोक प्रसादाला पांगले आणि ही उंच, गोरी, साडीचा पदर कमरेला खोचलेली बाई सरळ माझ्यापुढं येऊन म्हणाली, "तुमच्या पेटीतला एक सूर खोटा हाय. दोन वर्षं झाले, मी ऐकायलेय."

मी म्हणालो, देवाला चालतो. त्या म्हणाल्या, देवाला चालत असेल, मला चालत नाही, उद्या पेटी घेऊन घरी या. एवढं बोलून त्या गेल्यासुद्धा. रागारागानं मी चार दिवस गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो, कारण सूर खरंच खोटा होता आणि तो आता मलाही ऐकू यायला लागला होता. बाईंनी माझ्या आयुष्यात केलेलं पहिलं काम हे असं, बरं चाललेलं बिघडवण्याचं.

त्या मूळच्या ताश्कंदच्या. इथल्या कृषी विद्यापीठातले एक साहेब तरुणपणी कापसाचा अभ्यास करायला तिकडं गेले आणि चार वर्षांनी डॉक्टरेट आणि बायको अशा दोन्ही गोष्टी घेऊन परत आले. बाई तिथल्या थिएटरात व्हायोलिन वाजवायच्या, नाटकांना संगीत द्यायच्या आणि पुढं तर साठ वादकांसमोर उभं राहून हातातल्या काडीनं सगळा वाद्यवृंद चालवायच्या. या कामाला कंडक्टर म्हणतात, असं साहेबांनी आपल्या आईला समजावलं. म्हातारीनं गल्लीत सांगितलं की सून तिकडं एसटीत होती. शेवटपर्यंत तिचा तोच समज राहिला आणि बाईंनीही तो कधी मोडला नाही.

परभणीत साठ वादक कुठले आणायचे? इथं होता उन्हाळा. लाकूड वाळून व्हायोलिनच्या खुंट्या निसटायच्या, तारा तुटायच्या आणि नव्या तारा मुंबईहून यायला महिना लागायचा. वाद्याच्या डब्यात बाई कापसाचा ओला बोळा ठेवायच्या, तो साहेबांच्या प्रयोगाच्या शेतातला. माझ्या संशोधनाचा घरात एवढाच उपयोग झाला, असं साहेब म्हणायचे. अतिशय शांत माणूस. बाई घरभर फिरत असायच्या आणि हे कोपऱ्यात बसून कापसाच्या बोंडातलं बी काढत असायचे. दोघांचं कसं जमलं हे मला कधी कळलं नाही आणि जमलं होतं याबद्दल कधी शंकाही आली नाही.

पुढं तिकडं बाईंचा देशच मोडला. ज्या देशाचा पासपोर्ट घेऊन त्या आल्या होत्या, तो नकाशावरून गेला. "लोक देश सोडत्यात," त्या एकदा मला म्हणाल्या, "मला तर देशच सोडून गेला." असं बोलून त्या हसल्या आणि हसणं पुरं व्हायच्या आत दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.

त्यांच्या पलंगाखाली एक चामडी बॅग कायम भरलेली असायची. दर वैशाखात, पारा चढला की, बॅग बाहेर यायची. मी जाते, आता इथं एक दिवस राहणार नाही, असं त्या जाहीर करायच्या. साहेब बॅगेवरची धूळ फडक्यानं पुसून द्यायचे आणि पुन्हा बोंडं घेऊन बसायचे. संध्याकाळी वारं सुटलं की बॅग परत पलंगाखाली. मला सुरुवातीला काळजी वाटायची. नंतर मी कॅलेंडर बघून ओळखायला लागलो.

मराठी त्यांना साहेबांनी शिकवली नाही. ती शिकवली कौसाबाईनं. कौसाबाई राणीसावरगावची, परभणीत दीर राहायचा म्हणून उन्हाळा-पावसाळा इथं धुण्याभांड्याची कामं करायची आणि दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. त्यामुळं बाईंची मराठी सहा महिने वाढायची आणि सहा महिने जागच्या जागी थांबायची. चांगल्या शिकल्यासवरलेल्या प्राध्यापकांच्या बायका घरी आल्या की बाई त्यांना "काय करायलाव बायांनो, चा टाकू का?" असं विचारायच्या आणि त्या बायका एकमेकींकडं बघायच्या. कौसाबाईची मुलगी चंदा आईबरोबर यायची. आई फडावर गेली की ती गावात आजीपाशी राहायची आणि बाई शनिवारी एसटीनं तिची वह्यापुस्तकं बघायला राणीसावरगावला जाऊन यायच्या.

कौसाबाईचं आणि बाईंचं एकच भांडण होतं, काडीवरून. ताश्कंदहून आणलेली काडी कधीच मोडली होती. मग बाईंना तुराटी सापडली. तुरीचं वाळलेलं खोड, सोलून साफ केलं की सरळ, हलकं आणि हातात धरायला बरं. असल्या दहा-बारा तुराट्या त्या निवडून, घासून कोपऱ्यात उभ्या करायच्या आणि कौसाबाई बंबात घालायची. बाई चिडायच्या. कौसाबाई म्हणायची, "आवो बाई, तुराटी जाळायलाच आसती. मी काय तुमचं कुईकुई जाळलं का?" कुईकुई म्हणजे व्हायोलिन.

बाईंचं फिरणं हा कॉलनीत चेष्टेचा विषय होता. भर दुपारी छत्री घेऊन कालव्याच्या कडेनं चालत जायच्या. एकदा मला बरोबर घेऊन त्या चारठाण्याला गेल्या. मला वाटलं, जुनी देवळं बघायला. बाईंनी एका खांबावरची मूर्ती बघितली नाही. मंडपाच्या मधोमध उभ्या राहिल्या, जोरात एक टाळी वाजवली आणि डोळे मिटून बोटं मोजत राहिल्या. पुन्हा टाळी, पुन्हा मोजणी. दगडी मंडपात टाळीचा आवाज घुमून घुमून कसा विरतो आणि विरल्यावर काय उरतं, ते त्यांना ऐकायचं होतं. पुजाऱ्याला वाटलं, नवस असेल. आम्ही साडेतीन तास एसटीत घालवले होते ते टाळ्या वाजवायला, हे घरी सांगायची मला लाज वाटली. मी देवदर्शन झालं म्हणून सांगितलं.

आणि त्याच परतीच्या गाडीत, खिडकीच्या दांडीला धरून उभं राहून, बसायला जागा असताना, बाईंनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

ताश्कंदला त्यांचं लग्न सही करून झालं होतं. इथं आल्यावर सासूनं पुन्हा लावलं, देवाब्राह्मणांसमोर. आठ दिवसांपूर्वी आलेली मुलगी, एक शब्द कळत नाही, नऊवारी नेसवलेली, समोर अंतरपाट. मंगलाष्टकं चालली होती, ती त्यांना आवडली. चाल ओळखीची वाटायला लागली होती. मग शेवटचं सावधान झालं, अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या आणि त्याच क्षणी मागं बँड असा काही कोसळला की त्या मटकन खाली बसल्या. हातातला हार पडला. सगळा मांडव हसला. बँडवाल्या गफारभाईंच्या वडिलांचा बँड होता तो, परभणीतला सगळ्यात मोठ्या आवाजाचा.

"मला आठ मात्रा पायजे होत्या," बाई म्हणाल्या. "पडदा निघाला. मी कुठं आले, कोन कोन हाय, ते मला बगायचं होतं. कुनी बगूच दिलं न्हाई."

मी म्हणालो, आमच्याकडं तशीच पद्धत आहे. सावधाननंतर क्षणभरही रितं ठेवत नाहीत. पण ती गोष्ट त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती, आणि पुढच्याच वर्षी तिला बाहेर पडायला वाट मिळाली.

आमच्या इथल्या एका शाळामास्तरांनी नाट्यस्पर्धेसाठी नाटक बसवायला घेतलं. ऊसतोडीला नवराबायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. कोयता पुरा व्हावा म्हणून घाईनं लग्न लावून दिलेल्या एका मुलीची गोष्ट होती. संगीताला त्यांनी बाईंना विचारलं आणि मग पस्तावले, कारण बाईंनी टेप लावायला ठाम नकार दिला. त्यांना जिवंत वाद्यवृंद हवा होता. मी माझी पेटी घेऊन आलो आणि गफारभाईंना मीच आणलं.

वडिलांच्या माघारी बँड गफारभाई चालवत होते. स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांचे दहा जण: ट्रम्पेट, ढोल, ताशा, झांज. डीजे आल्यापासून वरातीची कामं निम्म्यावर आली होती, त्यामुळं दुपारी सगळे मोकळे असायचे. नोटेशन कुणालाच वाचता येत नव्हतं. बाई आमच्या ऑफिसातल्या पाणीअर्जाच्या जुन्या फॉर्मांच्या पाठीवर संगीत लिहायच्या आणि मग ते गाऊन, नाचून, हात हलवून या लोकांच्या गळी उतरवायच्या. तुराटी वर गेली की श्वास घ्यायचा, खाली आली की फुंकायचं. आयुष्यभर गर्दीकडं आणि नवरदेवाच्या घोड्याकडं बघून वाजवलेली ही माणसं सहा आठवड्यांत एका काडीकडं बघायला शिकली. छातीठोकपणे सांगतो, असलं वादन परभणीनं आधी ऐकलं नव्हतं.

नाटकाचा कळस लग्नाच्या प्रसंगात. शेवटचं सावधान होतं, अंतरपाट निघतो आणि आठ मात्रा काहीही नाही. मुलगी मान वर करते, सगळ्यांकडं बघते. मग एकटं व्हायोलिन. बाकी सगळं संगीत बाईंनी दहादा बदललं, या आठ मात्रांना हात लावला नाही. "माझं खरं संगीत एवढंच हाय," त्या म्हणायच्या, "बाकीचं हिकडं यायचा रस्ता."

आता इथं एक घोटाळा झाला, आणि तो आमच्यासारख्यांच्याच हातून व्हावा असा. मुलीचं काम करणारी पोर बिनलग्नाची होती. तिच्या आईनं मास्तरांना बजावलं की रोज रोज माझ्या लेकीवर खरी मंगलाष्टकं म्हणायची नाहीत, शेवटचं सावधान तर नाहीच, पुढं तिच्या लग्नात अडथळा येईल. मास्तरांना पटलं. मला पटलं. गफारभाई म्हणाले, बराबर है. म्हणून तालमीत भटजीचं काम करणारा नट नुसता "आणि शेवटचं" असं म्हणून थांबायचा. सहा आठवडे आम्ही "आणि शेवटचं" या शब्दांनंतर अगदी चोख गप्प बसत होतो.

प्रयोगाच्या संध्याकाळी थिएटर भरलेलं. भटजीनं खणखणीत आवाजात खरं सावधान म्हटलं. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन बायकांचे हात सवयीनं अक्षता टाकायला वर गेले, आणि आमचा बँड कोसळला. अकराच्या अकरा जण, पूर्ण ताकदीनं. तुराटी वरच्या वर थांबलेली होती, पण तिच्याकडं बघतंय कोण? प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्याही आल्या. बाईंनी तुराटी हळूच खाली ठेवली, शेजारच्या स्टुलावरचं व्हायोलिन डब्यात घातलं आणि बाजूच्या दारानं निघून गेल्या. उरलेलं नाटक आम्ही कसंबसं रेटलं. परीक्षकांनी पार्श्वसंगीताला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, खास उल्लेख करून, की लग्नाचा प्रसंग अतिशय जिवंत झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तोंडं पाडून बाईंच्या अंगणात उभे होतो. त्या ओरडल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "पयलं कोन वाजवलं?"

गफारभाई खाली बघून म्हणाले, "मैं. सावधान बोले की हाथ अपने आप चलताय मॅडम. तीस साल की आदत है."

खरं सांगायचं तर पहिली माझी पेटी वाजली होती. भजनात गजर संपला की माझी बोटं आपोआप सुरावर पडतात, तशी ती पडली. गफारभाईंच्या क्लॅरिनेटच्या अर्धा श्वास आधी. पेटीचा आवाज बँडखाली बुडाला म्हणून कुणाला कळलं नाही, असं मी धरून चाललो. आणि त्या अंगणात, एक म्हातारा होत चाललेला माणूस माझा आळ अंगावर घेत असताना, मी रुमालानं चष्मा पुसत राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

प्रयोग पुन्हा झाला नाही. मास्तरांची बदली झाली, त्या मुलीचं बिनअडथळा लग्न झालं. बाईंनी व्हायोलिनचा डबा कपाटावर ठेवला आणि त्यांच्या फेऱ्या इतक्या वाढल्या की साहेबांनी मला बोलावून, काहीतरी करा, असं सांगितलं. मी काय करणार होतो? केलं ते गफारभाईंनी. चातुर्मास लागला, लग्नं बंद झाली, तसे ते आपले दहा जण घेऊन बाईंच्या दारात आले आणि म्हणाले, मॅडम, हमको रुकना सिखाव.

चार महिने थांबायची तालीम चालली. मंगलाष्टकं म्हणायला मी, कारण माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती आणि आता आणखी काय अडथळा यायचा होता. मी सावधान म्हणायचो, बाईंचा हात वर जायचा आणि अकरा माणसं वाद्यं सरसावून, फुंकणारे गाल फुगवून, हाताकडं बघत थांबायची. पहिले पंधरा दिवस कुणी ना कुणी फुटायचंच. कौसाबाई भांडी घासता घासता हसून लोळायची. दिवाळीच्या तोंडावर एकदाचं जमलं. हात खाली येईपर्यंत झांज हलली नाही. मग बाई म्हणाल्या, आता हे खऱ्या लग्नात करा. गफारभाईंनी कानाला हात लावले. लग्नात असं थांबलं तर लोक अपशकुन म्हणतील, बँडला कुणी बोलावणार नाही. बाईंना ते पटलं. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि चार महिन्यांची ती मेहनत तशीच पडून राहिली.

साहेब गेले ते एका हिवाळ्यात, चार दिवसांच्या तापानं. त्यानंतर बाई दोन वर्षं राहिल्या, पण वैशाखात बॅग काढली की तिच्यावरची धूळ पुसायला कुणी नव्हतं. त्यांचा मुलगा जर्मनीत होता. त्यानं तिकीट पाठवलं. बाईंनी या वेळी काही जाहीर केलं नाही, त्यावरूनच मी ओळखलं की आता खरंच जाणार. परत येणार नव्हत्या. जाण्याआधी त्यांना एकच ठिकाण गाठायचं होतं, राणीसावरगाव, चंदाचं लग्न. बँड अर्थात गफारभाईंचा. बाईंनी कौसाबाईला सांगून ठेवलं होतं की डीजे आणलास तर मी येणार नाही.

मी आणि बाई एसटीनं गेलो. वैशाखाचं ऊन. शेतातल्या मांडवात अर्धं गाव होतं, आणि फडावरून परत आलेली कितीतरी कुटुंबं. कौसाबाईनं बाईंना नवरीची मावशी म्हणून पुढं, बोहल्यापाशी उभं केलं. मी पुरुषांत, बँडच्या जवळ. मंगलाष्टकं लांबली, भटजीला हौस होती. चंदा खाली मान घालून, अंतरपाटाकडं बघत उभी.

शेवटचं सावधान झालं. अंतरपाट निघाला. सगळ्यांनी अक्षता टाकल्या. बाईंनीही टाकायला हात वर उचलला.

आणि बँड वाजलाच नाही.

मी वळून बघितलं. गफारभाईंच्या ओठात क्लॅरिनेट, गाल फुगलेले, डोळे बाईंच्या वर गेलेल्या हातावर. अकराही जणांचे डोळे तिथंच. चार महिने शिकलेलं त्यांच्या अंगात कुठंतरी मुरलेलं होतं आणि त्यांना ते माहीत नव्हतं. बाईंनाही नव्हतं. मूठ उघडता उघडता त्यांची नजर बँडकडं गेली आणि काय झालंय ते त्यांना कळलं. हात खाली आणला असता तर प्रश्नच मिटला असता. त्यांनी तो आणला नाही. अक्षतांची मूठ तशीच वर धरून, कमरेजवळच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटत आणि पुन्हा उघडत त्या उभ्या राहिल्या. मी दुरून मोजत होतो. एक. दोन. मांडव गप्प झाला. तीन. कुठंतरी एक लेकरू रडलं आणि थांबलं. चार.

काहीतरी चुकलं असं वाटून चंदानं मान वर केली. आधी नवऱ्याकडं बघितलं, नीट, पहिल्यांदाच बघावं तसं. मग मांडवाच्या आढ्याकडं, माणसांकडं, आणि शेवटी आईकडं. तिथं तिची नजर थांबली.

आठव्या मात्रेला बाईंचा हात खाली आला, अक्षता उडाल्या आणि बँड कोसळला. म्हाताऱ्या म्हणाल्या, बँडवाले झोपले होते. अपशकुन कुणी म्हटलं नाही, पंगतीची घाई होती. कौसाबाई तेवढी पदर तोंडाला लावून बाईंपाशी आली आणि म्हणाली, "माज्या लेकीनं मला बगितलं, बाई. बोहल्यावरून पोरी कुठं बगत्यात आईकडं?"

बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग माझ्याकडं आल्या. मांडवाच्या कडेला एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यात त्या चक्क बसल्या. मी घाबरलो, म्हटलं चक्कर आली की काय. पाणी आणतो म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडं न बघता, समोर नाचणाऱ्या पोरांकडं बघत म्हणाल्या, "आज पेटी नव्हती, म्हणून जमलं."

मी तिथंच उभा राहिलो. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं आणि त्यांनी मला दर आठवड्याला चहा पाजला होता. गफारभाई बँडसमोर उभे राहून क्लॅरिनेट वाजवत होते आणि त्यांची माझ्याशी नजरानजर झाली तेव्हा मला कळलं की त्यांनाही माहीत होतं. मी बाईंच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून बसलो. बराच वेळ आम्ही दोघंही उठलो नाही.